नाटकवेडा ड्यूक : मायनिंगनचा जॉर्ज दुसरा

इतिहासाच्या पुस्तकांत राजेलोकांची गर्दी फार असते. त्यातून जर्मनीचा इतिहास म्हणजे तर विचारूच नका! राजे, ग्रँड ड्यूक, ड्यूक, प्रिन्स यांची नावे लक्षात ठेवता ठेवता विद्यार्थ्याचा जीव मेटाकुटीला येतो. १८७१ साली जर्मनीचे एकीकरण झाले, तेव्हा तीन स्वतंत्र नगरे धरून २५ घटकराज्ये नव्या साम्राज्यात सामील झाली होती. प्रशियासारखे एखादे बलाढ्य राज्य सोडले, तर बाकीच्यांच्या अधिपतींना आज कोण ओळखतो? त्यांचे तह, त्यांच्या लढाया, त्यांचे दरबार, सारे काळाच्या उदरात गडप झाले.

परंतु त्यांतल्याच एका चिमुकल्या राज्याच्या अधिपतीचे नाव रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही टाळता येत नाही. त्याने कोणता मुलूख जिंकला नाही की कोणाला खंडणी भरायला लावली नाही. त्याने नाटके बसवली आणि ती इतक्या निष्ठेने बसवली की, लंडनपासून मॉस्कोपर्यंतच्या रंगकर्मींना आपल्या कामाकडे नव्याने पाहावे लागले. सॅक्स-मायनिंगनचा ड्यूक जॉर्ज दुसरा तो हाच. युरोपात तो 'थिएटर ड्यूक' म्हणूनच ओळखला जातो.

जर्मनीच्या थुरिंगिया भागात वेरा नावाची नदी आहे. तिच्या काठी मायनिंगन हे टुमदार गाव वसले आहे. एका टोकाला एलिझाबेथेनबुर्ग हा राजवाडा, आसपास डोंगर आणि जंगल. सारे राज्य मिळून सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरांचे; म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान जिल्ह्याएवढेही नव्हे. पण घराणे जुने होते आणि सोयरिकी मोठ्या होत्या. जॉर्जची आत्या अ‍ॅडिलेड ही इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याची राणी. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडिलेड शहराला तिचेच नाव दिलेले आहे.

जॉर्जचा जन्म २ एप्रिल १८२६ रोजी झाला. बर्नहार्ड दुसरा आणि मारी या दांपत्याचा हा एकुलता एक मुलगा. धाकटी बहीण जन्मली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्यामुळे त्याचे बालपण तसे एकट्याचेच गेले. अशा मुलांना बहुधा काही ना काही छंद जडतो. जॉर्जला चित्रकलेचा जडला. विल्हेल्म लिंडेनश्मिट या चित्रकाराकडे त्याने धडे गिरवले. पुढे कॉर्नेलियस, कौलबाख अशा नामवंतांचा सहवास त्याला लाभला. बॉन आणि लाइप्त्सिग येथील विद्यापीठांत त्याचे शिक्षण झाले. मग राजपुत्रांच्या रिवाजाप्रमाणे बर्लिनला जाऊन त्याने प्रशियाच्या सैन्यात नोकरी केली. दिवसा कवायत आणि संध्याकाळी नाटक, संगीत, चित्रसंग्रह असा तो काळ होता. हातात पेन्सिल असली की तो माणसे, वेष, शस्त्रे, इमारती रेखाटत बसे. ही रेखाटने पुढे कोणत्या कामी येणार आहेत, याची तेव्हा त्यालाही कल्पना नसावी.

१८५० साली प्रशियाच्या राजघराण्यातील शार्लोट हिच्याशी त्याचे लग्न झाले. तो चोवीस वर्षांचा, ती अठरा-एकोणीस वर्षांची. लग्नात तिच्या आईने इटलीतील कोमो सरोवराच्या काठची एक वास्तू तिला आंदण दिली. व्हिला कार्लोटा हे त्या वास्तूचे नाव तिच्यावरूनच पडले. आज तिथली बाग पाहायला जगभरचे प्रवासी जातात. ती बाग फुलवण्यात जॉर्जचा वाटा मोठा होता. दोघांनाही संगीताची आणि नाटकाची आवड होती. संसार सुखाचा चालला होता. पण दैवाला ते पाहवले नाही. १८५५ च्या जानेवारीत त्यांचा लहानगा मुलगा गेला आणि मार्च महिन्याच्या अखेरीस बाळंतपणात शार्लोटही गेली. नवजात बाळही वाचले नाही. एकोणतिसाव्या वर्षी दोन लहान मुलांना पोटाशी धरून हा राजपुत्र विधुर झाला.

राजघराण्यात शोकालाही मुदत असते. १८५८ साली त्याचे दुसरे लग्न झाले. वधू फिओडोरा ही व्हिक्टोरिया राणीच्या सावत्र बहिणीची मुलगी. मुले झाली, पण दोघांचे सूर कधी जुळले नाहीत. १८७२ मध्ये तापाच्या साथीत फिओडोराचाही अंत झाला.

दरम्यान राज्यात मोठी उलथापालथ होऊन गेली होती. १८६६ साली प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात युद्ध जुंपले. जॉर्जचा पिता बर्नहार्ड याने ऑस्ट्रियाची बाजू धरली आणि ऑस्ट्रिया हरला. प्रशियाचे सैन्य मायनिंगनमध्ये घुसले. बर्नहार्डला गादी सोडावी लागली आणि २० सप्टेंबर १८६६ रोजी चाळीस वर्षांचा जॉर्ज गादीवर बसला. पण ती गादी आता कसली? सैन्य प्रशियाच्या हाती, परराष्ट्रधोरण बिस्मार्कच्या हाती. १८७० च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात तो सामील झाला. पुढे व्हर्सायच्या राजवाड्यात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली, त्या समारंभालाही तो हजर होता. तिथे त्याची भूमिका काय? मध्यभागी प्रशियाचा राजा, त्याच्यासमोर बिस्मार्क, आणि भोवती तलवारी घेऊन उभे असलेले छोटे छोटे राजे. नाटकाच्या भाषेत बोलायचे तर गर्दीतले एक पात्र!

अशा वेळी दुसऱ्या एखाद्या संस्थानिकाने शिकार, मेजवान्या आणि पत्त्यांचे डाव यांत आयुष्य घालवले असते. जॉर्जने राज्यकारभार नेटका चालवला. त्याची मते त्या काळाच्या मानाने उदारमतवादी होती. पण त्याचा जीव गुंतला तो गावातल्या नाटकगृहात. हे नाटकगृह त्याच्या वडिलांच्या कारकिर्दीत, १८३१ साली उघडले होते. चार गावांत असते तसेच तेही होते. थोडा ऑपेरा, थोडी हलकीफुलकी नाटके आणि दरबारी मंडळींची करमणूक, एवढाच त्याचा व्याप. गादीवर येताच जॉर्जने ऑपेरा बंद केला. एवढ्याशा राज्याच्या तिजोरीत सगळेच करायला गेले तर काहीच धड होणार नाही, हे त्याने ओळखले. नाटक आणि वाद्यवृंद, या दोनच गोष्टी करायच्या आणि त्या उत्तम करायच्या, असे त्याने ठरवले. नाटकेही निवडायची ती शेक्सपियर, शिलर यांच्या तोलाची.

याच सुमारास, १८६७ साली, एलेन फ्रांझ नावाची एक नटी मायनिंगनच्या नाटक मंडळीत दाखल झाली. ती मध्यमवर्गीय घरातली, चांगली शिकलेली आणि साहित्याची जाणकार होती. पियानोचे शिक्षण तिने हान्स फॉन ब्यूलो या विख्यात वादकाकडे घेतले होते. नाटकाच्या ओढीने हे दोघे एकत्र आले आणि फिओडोराच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १८ मार्च १८७३ रोजी, ड्यूकने एका नटीशी लग्न केले.

आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण त्या काळी राजघराण्यांवर जणू वीज कोसळली. बर्लिनचा सम्राट नाराज झाला. गादी सोडून बसलेला म्हातारा बाप संतापला. आप्तस्वकीयांनी नाके मुरडली. हे लग्न 'बरोबरीचे' नव्हते. म्हणून एलेनला डचेस हे पद मिळू शकत नव्हते आणि तिला मुले झाली असती तरी त्यांना गादीवर हक्क नव्हता. जॉर्जने तिला 'हेल्डबुर्गची बॅरोनेस' असा किताब दिला. थोरला मुलगा बर्नहार्ड याचे पुढे प्रशियाच्या राजकन्येशी लग्न झाले. या मुलाचे आणि सुनेचे एलेनशी संबंध अखेरपर्यंत ताणलेलेच राहिले. जॉर्ज मात्र डगमगला नाही. आपली पत्नी नटी होती, याची त्याला लाज वाटली नाही. उलट तिच्यासाठी त्याने हेल्डबुर्गचा जुना किल्ला दुरुस्त करून घेतला. लग्नानंतर एलेनने स्वतः रंगमंचावर येणे सोडले, पण नाटक सोडले नाही. कोणते नाटक घ्यायचे, संहितेत काय ठेवायचे, नवशिक्या नटांनी वाक्य कसे म्हणायचे, हे सारे ती पाहू लागली.

तिसरा माणूस होता लुडविग क्रोनेक. मूळचा विनोदी नट, ठेंगणा, चपळ आणि विलक्षण शिस्तीचा. त्याला ड्यूकने मंडळीचा प्रमुख नेमले, तेव्हा अनेकांना हसू आले असेल. पण निवड अचूक ठरली. ड्यूकने डोळ्यांपुढे चित्र आणायचे, एलेनने शब्दांकडे पाहायचे आणि क्रोनेकने ते सारे पन्नास-साठ माणसांच्या अंगवळणी पाडायचे, असा हा त्रिवेणी संगम होता.

मायनिंगनच्या तालमी म्हणजे एक अजब प्रकरण होते. त्या काळी युरोपातील रंगभूमीवर 'स्टार' नटांचे राज्य होते. प्रमुख नट रंगमंचाच्या मधोमध उभा राहून प्रेक्षकांकडे तोंड करून भाषण ठोकायचा. बाकीचे अर्धवर्तुळ करून त्याच्याकडे पाहात राहायचे. तालमी चार-दोन व्हायच्या. नट आपापले कपडे घेऊन यायचे, त्यामुळे एकाच प्रवेशात तीन शतकांच्या वेषांचे संमेलन भरायचे. गर्दीच्या प्रवेशासाठी रोजंदारीवर माणसे धरून आणायची, त्यांच्या हातांत भाले द्यायचे आणि उभे करायचे!

ड्यूकने हे सारे मोडून काढले. नाटक कोणत्या काळातले, कोणत्या देशातले, याचा तो आधी अभ्यास करी. मग शेकडो रेखाटने काढी. पात्रांचे कपडे, शिरस्त्राणे, खुर्च्या, जिने, प्रत्येक प्रवेशात कोण कुठे उभा राहील, सारे कागदावर उतरे. कोबुर्गच्या ब्रुकनर बंधूंकडून पडदे रंगवून घेतले जात. कापड खरे, चिलखते वजनदार. आणि ही चिलखते पहिल्या तालमीपासून घालायची! कारण रंगीत तालमीला पहिल्यांदाच चिलखत घातलेला नट योद्ध्यासारखा चालत नाही, ओझे वाहणाऱ्या हमालासारखा चालतो, हे चित्रकार ड्यूकच्या नजरेने टिपले होते. तालमी संध्याकाळी सुरू होत आणि मध्यरात्र उलटली तरी चालत. ड्यूक स्वतः अंधाऱ्या प्रेक्षागृहात बसून सूचना देई, आणि घरी गेल्यावर पुन्हा पत्र लिहून क्रोनेकला राहिलेल्या चुका कळवी.

त्याचे काही नियम तर आजही कोणत्याही दिग्दर्शकाने वहीत उतरवून घ्यावेत असे आहेत. रंगमंचाचा मध्य हा चित्राचा मध्य होऊ देऊ नये. महत्त्वाची घटना थोडी बाजूला घडावी. दोन नटांनी प्रेक्षकांशी समांतर रेषेत उभे राहू नये. रंगवलेल्या घराच्या पडद्याजवळ नटाने जाऊ नये, नाहीतर माणूस घरापेक्षा उंच दिसतो. गर्दीतली सगळी डोकी एका उंचीवर नसावीत. कोणी गुडघ्यावर, कोणी पायरीवर, कोणी वाकलेला असावा. भाले सारे एकाच दिशेला सरळ नसावेत. कोणी प्रेक्षकांकडे टकमका पाहू नये. आणि गर्दी मोठी भासायला हवी असेल, तर तिचे टोक विंगेत जाऊ द्यावे, म्हणजे आत आणखी शेकडो माणसे आहेत असे प्रेक्षकांना वाटते.

पण खरी क्रांती याहून वेगळीच होती. ड्यूकने गर्दीचे छोटे छोटे गट केले. प्रत्येक गटाला एक अनुभवी नट म्होरक्या म्हणून दिला. गर्दीतल्या माणसाला केवळ 'नागरिक क्रमांक अमुक' म्हणून उभे केले जात नसे. आपण कोण आहोत, कशासाठी इथे आलो आहोत, हे त्याला ठाऊक असायचे. आणि मंडळीतल्या प्रत्येक नटाला गर्दीत काम करणे बंधनकारक होते. आज नायक झालेला उद्या मुक्याने भाला धरून उभा राहील! फक्त बाहेरून पाहुणे म्हणून आलेल्या नटांना तेवढी सूट असे. मोठ्या नटांना हे झोंबले. कित्येकांनी कुरकूर केली, काही सोडूनही गेले. ड्यूकने नियम बदलला नाही.

हे वाचताना मला आपल्या स्नेहसंमेलनाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. एफ. वाय. ला असताना एका ऐतिहासिक नाटकात मी पहारेकरी होतो. वाक्य एकही नाही. तालमीला आलो नाही तरी कोणी विचारत नसे. प्रयोगाच्या दिवशी मी प्रेक्षकांतल्या मित्रांकडे पाहून हसलो आणि ऐन दुःखाच्या प्रसंगी सभागृहात हशा पिकला. तेव्हा मला वाटले, माझ्या हसण्याने असे काय बिघडले? नाटक तर नायकाचे होते! मायनिंगनच्या ड्यूकने मला त्याच क्षणी बाहेर काढले असते, आणि ते योग्यच झाले असते. त्याच्या लेखी नाटक पहारेकऱ्याचेही होते.

१ मे १८७४ रोजी ही मंडळी बर्लिनला गेली आणि शेक्सपियरच्या 'ज्यूलियस सीझर'चा प्रयोग तिने केला. राजधानीतल्या रसिकांनी आडगावच्या या मंडळीकडून फारशी अपेक्षा धरली नव्हती. आजवर त्यांनी हे नाटक म्हणजे ब्रूटस आणि अँटनी यांची भाषणे, असेच पाहिले होते. इथे सीझरच्या प्रेताजवळ अँटनी बोलू लागला आणि त्याच्यासमोर रोमची जनता जिवंत झाली. आधी कुजबुज, मग शंका, मग हळहळ आणि शेवटी आग ओकणारा क्षोभ! भाषणाने माणसे कशी बदलतात, हे प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिले. नाटकगृह तुडुंब भरू लागले आणि मुक्काम वाढवावा लागला.

तिथून पुढे सोळा वर्षे ही मंडळी युरोपभर हिंडली. १८७४ ते १८९० या काळात तिने ३८ शहरांत मिळून २५९१ प्रयोग केले. 'ज्यूलियस सीझर'चेच तीनशेहून अधिक प्रयोग झाले. शिलरचे 'विल्यम टेल' आणि 'ऑर्लियाँची कुमारी', शेक्सपियरचे 'विंटर्स टेल' ही नाटकेही गाजली. १८८१ मध्ये मंडळी लंडनच्या ड्रुरी लेन नाटकगृहात उतरली. १८८५ आणि १८९० मध्ये रशियात गेली. पडदे, चिलखते, सामानसुमान रेल्वेने जायचे. त्या त्या गावातली माणसे गर्दीसाठी घेऊन क्रोनेक त्यांच्याकडून तालमी करून घ्यायचा. ड्यूक मात्र या दौऱ्यांवर सहसा जात नसे. राज्य सांभाळायचे होते. तो मायनिंगनहून पत्रे पाठवी आणि क्रोनेक तिकडून अहवाल धाडी.

नव्या नाटककारांकडेही ड्यूकचे लक्ष होते. हेन्रिक इब्सेनचे नाव जर्मनीत अजून रुजायचे होते, तेव्हा १८७६ साली या मंडळीने त्याचे 'प्रिटेंडर्स' हे नाटक केले. पुढे 'घोस्ट्स' या नाटकाने साऱ्या युरोपात काहूर उठवले. बापाच्या दुराचाराचे फळ मुलाला भोगावे लागते, हा विषय रंगमंचावर आणणे म्हणजे पाप, असे सभ्य समाजाला वाटे. बर्लिनच्या पोलिसांना ते नाटक चालत नव्हते. पण १८८६ च्या डिसेंबरात ते मायनिंगनच्या राजाश्रयी नाटकगृहात झाले आणि इब्सेन स्वतः त्याला हजर राहिला. गावातल्या प्रतिष्ठितांना ते रुचले नाही. ड्यूकने मात्र नाटककाराचा सन्मान केला. राजाश्रय म्हणजे पैशांची थैली, अशी आपली समजूत असते. कधी कधी लोकांच्या रोषापुढे कलावंताच्या बाजूने उभे राहणे, हाही राजाश्रयच असतो.

संगीताच्या क्षेत्रातही हेच झाले. १८८० साली एलेनचे गुरू हान्स फॉन ब्यूलो मायनिंगनच्या वाद्यवृंदाचे प्रमुख झाले. अवघ्या चार-पाच डझन वादकांचा हा वृंद, पण ब्यूलोंनी त्याला असे घडवले की वादक उभे राहून, समोर कागद न ठेवता, बेथोव्हेनच्या रचना वाजवू लागले. ब्राम्स हा थोर संगीतकार मायनिंगनच्या राजवाड्यात वरचेवर पाहुणा म्हणून येई. २५ ऑक्टोबर १८८५ रोजी त्याची चौथी सिंफनी जगात पहिल्यांदा वाजली, ती व्हिएन्ना किंवा बर्लिनमध्ये नव्हे, तर याच गावात. ब्यूलोंचा मदतनीस म्हणून तेव्हा एक एकवीस वर्षांचा तरुण तिथे होता. त्याचे नाव रिचर्ड स्ट्राउस. पुढे १८९१ साली याच वृंदातल्या रिचर्ड म्यूलफेल्डचे क्लॅरिनेट ऐकून, लिहिणे थांबवण्याच्या विचारात असलेल्या ब्राम्सने पुन्हा लेखणी उचलली आणि क्लॅरिनेटसाठी त्याच्या अखेरच्या काळातल्या अतिशय सुंदर रचना जन्माला आल्या. ड्यूकच्या आयुष्याच्या अखेरीस मॅक्स रेगर हा संगीतकार या वृंदाचा प्रमुख होता.

मग या माणसात काही दोष नव्हते काय? होते. मायनिंगनचे नट मोठे नव्हते, ही तक्रार सर्वत्र झाली. योझेफ काइंझसारखा श्रेष्ठ नट काही वर्षे तिथे होता, पण तो टिकला नाही. ओस्त्रोव्स्की या रशियन नाटककाराने १८८५ मध्ये प्रयोग पाहिले, तेव्हा त्याला प्रतिभेपेक्षा कवायतच अधिक जाणवली. खुर्ची अस्सल, तलवार अस्सल, पण तलवार धरणाऱ्याच्या काळजाचे काय, असा टीकाकारांचा रोख होता. आंद्रे आंत्वान या तरुण फ्रेंच रंगकर्मीने १८८८ साली ब्रुसेल्समध्ये त्यांचे काम पाहिले. प्रकाशयोजनेतल्या चुका त्याने काढल्या, पण गर्दीचे प्रवेश पाहून तो थक्क झाला आणि पॅरिसच्या नाटकांतली भाड्याची गर्दी त्याच्या डोळ्यांत खुपू लागली.

१८९० साली मॉस्कोत एक सत्तावीस वर्षांचा हौशी नट या मंडळीचा एकही प्रयोग चुकवत नव्हता. तो म्हणजे कॉन्स्टंटिन स्तानिस्लाव्हस्की. 'ऑर्लियाँची कुमारी'मधला एक प्रसंग त्याच्या मनात कायमचा ठसला. पराभूत फ्रेंच राजा सिंहासनावर केविलवाणा बसला आहे; शत्रूच्या अपमानास्पद मागण्या त्याला मान्य कराव्या लागतात. तशी आज्ञा घेऊन जाणारा दरबारी निघण्यापूर्वी मुजरा करू पाहतो, पण त्याला ते जमत नाही. तो थबकतो, मान खाली घालतो, डोळे भरून येतात आणि सर्वांसमोर रडू कोसळण्याआधी तो धावत निघून जातो. राजाची सारी अप्रतिष्ठा एका दुय्यम पात्राने प्रेक्षकांपर्यंत पोचवली! नट सामान्य असले तरी दिग्दर्शक नाटकाचा आत्मा प्रकट करू शकतो, हे स्तानिस्लाव्हस्कीला तिथे उमगले. क्रोनेकची करडी हुकूमशाहीही त्याने काही काळ उचलली आणि पुढे तिची चूक कळल्यावर ती सोडून नटाच्या अंतःकरणाकडे तो वळला. १८९८ साली त्याने आणि नेमिरोविच-दान्चेन्को याने मॉस्को आर्ट थिएटर काढले. ही लाट पुढे कुठकुठे पोचली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणून मराठी नाटकाला वास्तवाची वाट दाखवली. त्या वास्तववादाचा उगम एकट्या मायनिंगनमध्ये खचितच नाही. पण युरोपात ज्यांनी ती वाट आधी मळवली, त्यांत हा ड्यूक होता.

१८९० मध्ये दौरे थांबले. सोळा वर्षांच्या दगदगीने क्रोनेकची प्रकृती ढासळली होती. पुढच्याच वर्षी तो गेला. उजवा हात गेल्यावर ड्यूकने पुन्हा दौऱ्यांचा घाट घातला नाही. मायनिंगनमध्ये मात्र नाटके चालू राहिली. वय वाढले, पांढरीशुभ्र दाढी छातीवर रुळू लागली, कानांनी ऐकू कमी येऊ लागले. धाकट्या मुलांपैकी अर्न्स्ट याने बापाचाच वारसा चालवला. तो चित्रकार झाला आणि १८९२ साली त्याने एका लेखकाच्या मुलीशी लग्न केले. अशा लग्नाला विरोध करणे या बापाला शक्यच नव्हते!

५ मार्च १९०८ रोजी मायनिंगनचे नाटकगृह आगीत भस्मसात झाले. ड्यूक तेव्हा ब्याऐंशीच्या घरात होता. जिथे तारुण्य आणि प्रौढपण खर्ची घातले, त्या जागी राखेचा ढीग उरला. या वयात माणसाने हात टेकले असते तर कोणी दोष दिला नसता. पण ड्यूकने नवे नाटकगृह बांधायला घेतले आणि १७ डिसेंबर १९०९ रोजी ते उघडलेसुद्धा. ज्याला स्वतःला नटांचे शब्द नीट ऐकू येत नव्हते, त्याने ते इतरांसाठी बांधले. ते आजही उभे आहे आणि तिथे आजही नाटके होतात. ब्रुकनर बंधूंनी रंगवलेले काही जुने पडदेही गावातल्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

२५ जून १९१४ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, जॉर्जने जगाचा निरोप घेतला. त्यानंतर तीनच दिवसांनी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि महायुद्धाचा वणवा पेटला. ऑगस्ट महिना सरायच्या आत त्याचा मुलगा फ्रिडरिख आणि नातू अर्न्स्ट दोघेही रणांगणावर पडले. चार वर्षांनी, १९१८ च्या नोव्हेंबरात, राज्यही गेले. थोरला बर्नहार्ड मायनिंगनचा शेवटचा ड्यूक ठरला.

घराण्याच्या राजेशाही समाधिस्थळात एलेनला जागा मिळाली नसती. म्हणून जॉर्जने स्वतःसाठीही तिथली जागा घेतली नाही. गावच्या साध्या दफनभूमीत, सामान्य नागरिकांच्या शेजारी, तो विसावला आणि १९२३ साली एलेनही तिथेच त्याच्याजवळ आली. ज्याने आयुष्यभर मोठ्या नटांना गर्दीत उभे राहायला शिकवले, त्याने अखेरीस स्वतःची जागाही गर्दीतच घेतली.

मोठ्या साम्राज्यांच्या नाटकात या ड्यूकला दुय्यम भूमिका मिळाली होती. ती बदलणे त्याच्या हाती नव्हते. पण दुय्यम भूमिकेतल्या माणसालाही मन असते आणि त्याच्यावाचून नाटक उभे राहात नाही, हे त्याने साऱ्या युरोपला दाखवले. येत्या संमेलनात आपल्यापैकी कोणाच्या वाट्याला भाला धरून उभे राहण्याचे काम आले, तर त्याने खट्टू होऊ नये. तालमीला मात्र वेळेवर यावे!